ईआर ९० टक्के, तरी लेट्रोझोल निकामी: स्तनाच्या कर्करोगातल्या एका पेचाचा प्रकरण अभ्यास

हे प्रकरण कोणा एका व्यक्तीचे नाही. उपचारकक्षात वारंवार दिसणारा क्रम आणि पेच एकत्र करून ते अभ्यासासाठी रचले आहे. रुग्णाचे आकडे त्या क्रमाला साजेसे घेतले आहेत. औषधांच्या मात्रा, चाचण्यांचे निकष आणि अभ्यासांचे निकाल मात्र जसे आहेत तसेच दिले आहेत.

आधीचा इतिहास

रुग्ण ६१ वर्षांच्या. नऊ वर्षांपूर्वी, रजोनिवृत्तीनंतर, डाव्या स्तनात २८ मिलिमीटरची गाठ आणि काखेतल्या दोन लसिका ग्रंथींत पेशी सापडल्या. ग्रेड २, ईआर (पेशीतला इस्ट्रोजेन रिसेप्टर) ९५ टक्के गडद, पीआर (प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर) ७० टक्के, हर-२ (पेशीपटलावरचे वाढीचा संकेत देणारे प्रथिन) आयएचसी या रंगचाचणीत १+, केआय-६७ (विभाजनाचा वेग दाखवणारे प्रथिन) १८ टक्के. शस्त्रक्रिया, केमोथेरपी, रेडिएशन आणि नंतर पाच वर्षे लेट्रोझोल (शरीरात इस्ट्रोजेन बनणे थांबवणारी गोळी) २.५ मिलिग्रॅम, असा नेहमीचा मार्ग झाला. गोळी थांबल्यानंतर दीड वर्षाने कंबर दुखू लागली. स्कॅनमध्ये मणके आणि कटिबंधाच्या हाडात आजार दिसला.

यात आश्चर्य वाटण्यासारखे काही नाही. पाच वर्षे संप्रेरक उपचार पूर्ण केलेल्या, आजारमुक्त असलेल्या स्त्रियांचा मोठा एकत्रित अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ५ ते २० वर्षांच्या काळात दूरच्या अवयवांत आजार परतण्याचे प्रमाण लहान गाठ आणि स्वच्छ ग्रंथी असतानाही १३ टक्के होते. दोन सेंटिमीटरपेक्षा मोठी गाठ आणि चार ते नऊ ग्रंथी बाधित असतील तर ते ४१ टक्क्यांवर गेले. ईआर पॉझिटिव्ह आजार उशिरा परततो, आणि पाच वर्षांनंतरही परतत राहतो.

गोळी थांबून वर्षाहून अधिक काळ गेला होता, म्हणून पेशी इस्ट्रोजेनवर अवलंबून असाव्यात असे धरून पुन्हा लेट्रोझोल आणि सोबत रायबोसायक्लिब हा पेशीविभाजन अडवणारा सीडीके४/६ रोधक, ६०० मिलिग्रॅम (२१ दिवस चालू, ७ दिवस बंद), सुरू झाले. हाडांसाठी झोलेड्रॉनिक ॲसिडही दिले. २६ महिने आजार शांत राहिला. मग रक्तातले अल्कलाइन फॉस्फटेज (हाड आणि यकृतातून येणारे एन्झाइम) वाढले, त्रिकास्थीत नवा डाग आला आणि यकृतात तीन गाठी दिसल्या. सर्वांत मोठी २४ मिलिमीटरची होती. बिलिरुबिन सामान्य, एएलटी (यकृताचे एन्झाइम) किंचित वर, रुग्ण हिंडत्या-फिरत्या. यकृत निकामी होण्याच्या वाटेवर नव्हते, म्हणजे विचार करायला वेळ होता. या टप्प्यावर घाईने केमोथेरपी सुरू करणे ही नेहमी दिसणारी चूक आहे, आणि पुढच्या एका अहवालाने तिकडेच ढकलले असते.

पहिली बायोप्सी, आणि ती का मानली नाही

सोपी जागा म्हणून आधी इलियाक हाडाची बायोप्सी झाली. अहवाल आला: स्तनाचाच कार्सिनोमा, ईआर शून्य, पीआर शून्य, हर-२ शून्य. म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, ज्यावर संप्रेरक उपचार चालत नाही आणि केमोथेरपीकडेच वळावे लागते.

आजार परतताना रिसेप्टर बदलतात हे खरे. पीआर तर बऱ्याच जणींत मावळतो. पण ९५ टक्के गडद ईआर थेट शून्यावर, तोही पीआर आणि हर-२ सोबत एकाच वेळी, आणि पेशींचा चेहरा मात्र जुन्या स्लाइडसारखाच, हे चित्र जुळत नव्हते. जीएटीए-३ (स्तनाच्या पेशींची ओळख पटवणारे प्रथिन) हा केंद्रकातला रंगही फिका आला होता. एकदम सगळेच फिके पडले, तर संशय आधी नमुन्यावर घ्यायचा.

पॅथॉलॉजी विभागाला विचारल्यावर उलगडा झाला. हाडाचा तुकडा कापता यावा म्हणून त्यातले कॅल्शियम तीव्र आम्लात काढले होते. अशा आम्लाने काम लवकर होते, पण प्रथिनांची प्रतिजन-स्थळे (चाचणीतला प्रतिपिंड जिथे चिकटतो त्या जागा) बिघडतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. या नमुन्यातून डीएनए काढून पाहिला, तर तुकडे इतके लहान निघाले की अनुक्रम वाचताच आला नाही. त्याहून फसवी गोष्ट म्हणजे स्लाइडवरचा बाह्य नियंत्रण नमुना (रंग नीट चढतो का हे पाहायला ठेवलेली दुसरी ऊती) व्यवस्थित रंगला होता. तो रंगणारच, कारण तो आम्लात गेलाच नव्हता. स्तनाच्या नमुन्यात शेजारच्या सामान्य नलिका आतले नियंत्रण म्हणून कामी येतात. हाडात तशा नलिका नसतात. त्यामुळे अशा शून्याला आधार देणारे काहीच उरत नाही.

हाडाचाच नमुना घ्यायचा असेल तर ईडीटीए या सौम्य रसायनात कॅल्शियम काढायला सांगावे. वेळ जास्त लागतो, पण रंग आणि डीएनए दोन्ही वाचतात. शक्य असेल तर हाडातला मऊ, ऊतीसारखा भाग वेगळा काढून आम्लाविना ठेवावा. नियंत्रण नमुन्यावरही तीच प्रक्रिया झालेली असावी. हे सगळे बायोप्सीच्या मागणीपत्रावर आधी लिहावे लागते. नमुना प्रयोगशाळेत पोहोचल्यावर फोन करून उपयोग नसतो.

यकृताची दुसरी बायोप्सी अल्ट्रासाउंडखाली १८ गेजच्या सुईने केली. चार कोअर (सुईने काढलेले बारीक तुकडे) घेतले, लगेच १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये टाकले. ऊती शरीराबाहेर आल्यापासून फॉर्मॅलिनपर्यंत एक तासाच्या आत आणि फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास, ही मर्यादा पाळली. सहा तासांपेक्षा कमी स्थिरीकरण झाले तर ईआर खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. कोअर बारीक आहे म्हणून लवकर होईल, हा समज चुकीचा आहे.

अहवाल: ईआर ९० टक्के गडद, पीआर शून्य, हर-२ १+, केआय-६७ ३५ टक्के. १ टक्का किंवा त्याहून जास्त केंद्रके रंगली तर ईआर पॉझिटिव्ह, आणि १ ते १० टक्के असेल तर 'लो पॉझिटिव्ह', हा २०२० पासूनचा निकष. इथे तो प्रश्नच नव्हता.

रिसेप्टर आहे, मग औषध का चालत नाही

आयएचसी एवढेच सांगते की प्रथिन केंद्रकात आहे. त्याला काम करायला कोण लावते आहे, हे त्या तपकिरी रंगात दिसत नाही. या प्रकरणातला सगळा निर्णय या दुसऱ्या प्रश्नावर उभा आहे.

ईआर-अल्फा ५९५ अमिनो आम्लांचा. ईएसआर१ हे त्याचे जनुक सहाव्या गुणसूत्राच्या लांब भुजेवर असते. मध्ये जस्ताच्या दोन बोटांनी डीएनए पकडणारा भाग, मागे संप्रेरक बसायची खोबण, आणि दोन सक्रियक टोके: पुढचे एएफ-१, मागचे एएफ-२. इस्ट्रॅडिओल (मुख्य इस्ट्रोजेन) खोबणीत बसले की बारावे हेलिक्स झाकणासारखे तिच्यावर मिटते. मिटल्यावर तयार होणाऱ्या खाचेत एसआरसी-३ सारखे सह-सक्रियक बसतात. मग रिसेप्टरची जोडी डीएनएवरच्या १३ बेसच्या ठरावीक क्रमावर बसते, आणि सायक्लिन डी१, मिक, पीआर ही जनुके चालू होतात. फॉक्सए१ हे प्रथिन आधी जाऊन क्रोमॅटिन उघडून ठेवते. ते नसेल तर रिसेप्टरला बहुतेक ठिकाणी पोहोचताच येत नाही. टॅमॉक्सिफेन खोबणीत बसते, पण त्याची लांब बाजूची साखळी झाकण मिटू देत नाही. एएफ-१ मात्र मोकळाच राहतो. गर्भाशयाच्या अस्तरात टॅमॉक्सिफेन इस्ट्रोजेनसारखे वागते त्यामागे हे एक कारण आहे. तिथे उपलब्ध असलेले सह-सक्रियक हे दुसरे.

लेट्रोझोल याच्या बरेच वर काम करते. चरबी, स्नायू आणि खुद्द गाठीत अँड्रोजनपासून इस्ट्रोजेन बनवणारे अ‍ॅरोमाटेज ते बंद पाडते. रिसेप्टरला ते हातही लावत नाही. म्हणूनच रिसेप्टरने इस्ट्रोजेनशिवाय चालायची युक्ती शोधली की लेट्रोझोल निरुपयोगी होते, आणि ईआरचा रंग पूर्वीइतकाच गडद राहतो.

अशा युक्त्या मुख्यतः दोन. पहिली, ईएसआर१ मधला बदल. ५३७ आणि ५३८ या जागा बाराव्या हेलिक्सला लागून आहेत. तिथले अमिनो आम्ल बदलून वाय५३७एस किंवा डी५३८जी झाले की झाकण संप्रेरक नसतानाही मिटलेलेच राहते. मूळ गाठीत हे बदल क्वचित असतात. अ‍ॅरोमाटेज रोधकाच्या दीर्घ दबावाखाली ते निवडले जातात आणि अशा उपचारानंतरच्या पसरलेल्या आजारात साधारण तिघींपैकी एकीत सापडतात. याचे ठोस पुरावे २०१३ मध्ये पुढे आले.

दुसरी युक्ती बाजूच्या दाराने येते. पीआयके३सीए जनुक पी११०-अल्फा हे पीआय३के गटातले एन्झाइम बनवते. ते पेशीपटलावरच्या पीआयपी२ चे पीआयपी३ करते, त्यावर एकेटी येऊन बसते, पीडीके१ आणि एमटॉर संकुल २ त्याला फॉस्फेट लावतात, आणि पुढे एमटॉर संकुल १ व एस६ कायनेज चालू होतात. पीटेन हे प्रथिन ही सगळी प्रक्रिया उलटवते. एस६ कायनेज ईआरच्या एएफ-१ मधल्या १६७ व्या सेरीनला फॉस्फेट लावते. मॅप कायनेज ११८ व्या सेरीनला. म्हणजे संप्रेरकाची खोबण रिकामी असली तरी पुढचे टोक चालू होऊ शकते. ईआर पॉझिटिव्ह, हर-२ निगेटिव्ह आजारात पीआयके३सीए बदल सुमारे ४० टक्क्यांत असतो आणि तो सहसा सुरुवातीपासूनच, म्हणजे सगळ्या पेशींच्या मुळाशी असतो. ईएसआर१ चा बदल नंतर एखाद्या फांदीवर उगवतो.

दोन्ही वाटा शेवटी सायक्लिन डी१ आणि सीडीके४/६ या पेशीविभाजन पुढे नेणाऱ्या एन्झाइमांवर येऊन मिळतात, आणि तिथून विभाजनाला लगाम घालणाऱ्या आरबी प्रथिनावर. रायबोसायक्लिबने तो संगमच २६ महिने रोखून धरला होता.

रक्तातला डीएनए

गाठीतून रक्तात सुटणाऱ्या डीएनएत हे बदल शोधण्यासाठी रक्त घेतले, तेही पेशी न फुटू देणाऱ्या खास नळ्यांत. साध्या ईडीटीए नळीत घेतले तर काही तासांतच प्लाझ्मा वेगळा करावा लागतो. नाहीतर पांढऱ्या पेशी फुटून त्यांच्या डीएनएच्या गर्दीत गाठीचा अंश विरून जातो. नमुना आजार वाढत असताना घ्यावा. नवे औषध सुरू झाल्यावर आठवड्याने घेतला तर गाठ डीएनए सोडेनाशी होते आणि अहवाल कोरा येतो. कोरा अहवाल म्हणजे बदल नाही, असा अर्थ तेव्हा काढता येत नाही.

निकाल (त्या जनुकाच्या वाचलेल्या प्रतींपैकी बदललेल्या किती): पीआयके३सीए एच१०४७आर ९.४ टक्के, ईएसआर१ डी५३८जी १.१ टक्का, डीएनएमटी३ए २ टक्के. शेवटचा सोडून द्यायचा. तो वयोमानाने रक्ताच्या मूळ पेशींत होणारा बदल आहे, कर्करोगाचा नव्हे. यकृताच्या ऊतीतही अनुक्रम वाचला. तिथे एच१०४७आर होता, डी५३८जी नव्हता.

इथे पीआरचा शून्य उपयोगी पडतो. पीआर हे ईआरचेच लक्ष्य जनुक. डी५३८जीमुळे रिसेप्टर सतत चालू असता तर पीआरही निदान थोडा दिसायला हवा होता. यकृतातल्या गाठीत बदल नाही आणि पीआरही नाही, हे एकमेकांशी सुसंगत आहे. लेट्रोझोलखाली इस्ट्रोजेन संपल्यानेही पीआर मावळतो, आणि आयजीएफ-१ चा संकेत पीआय३केच्या वाटेने पीआर दाबतो हेही प्रयोगशाळेत दिसले आहे. त्यामुळे एकट्या पीआरवर भिस्त ठेवू नये. पण तीन धागे एकाच दिशेला जात होते: डी५३८जी कुठेतरी आहे, बहुधा हाडात, आणि यकृत वाढते आहे ते पीआय३केच्या जोरावर.

जननपेशीतून आलेला, म्हणजे आनुवंशिक, बीआरसीए१/२ जनुकांतला बदल आहे का, हेही तपासले, नव्हता.

औषधाची निवड

समोर चार वाटा होत्या.

एलासेस्ट्रंट (ईआर मोडून टाकणारी गोळी), दिवसातून एकदा ३४५ मिलिग्रॅम, अन्नासोबत. ईएसआर१ बदललेल्यांसाठी जानेवारी २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता. एमराल्ड अभ्यासात अशा रुग्णांत आजार न वाढण्याचा मध्यक ३.८ महिने, तर प्रचलित संप्रेरक उपचारात १.९, आधी सीडीके४/६ रोधक किमान १२ महिने चाललेल्यांत ८.६ विरुद्ध १.९. या रुग्णाला तो २६ महिने चालला होता, म्हणून मोह होतो. गोळी एकच, साखरेची कटकट नाही. पण यकृतात, जिथून खरा धोका होता, तिथे ज्या बदलासाठी हे औषध आहे तोच नव्हता.

एक्झेमेस्टेन आणि एव्हरोलिमस (एमटॉर रोधक). एक्झेमेस्टेन हाही अ‍ॅरोमाटेज रोधकच. ज्या दबावाखाली डी५३८जी निवडला गेला, तोच पुन्हा लावण्यात तर्क नाही.

अल्पेलिसिब (पीआय३के रोधक) आणि फुलवेस्ट्रंट (ईआर मोडणारे इंजेक्शन). सोलर-१ अभ्यासात आजार न वाढण्याचा मध्यक, एकट्या फुलवेस्ट्रंटच्या तुलनेत, ११.० विरुद्ध ५.७ महिने, पण त्यातल्या फार थोड्या रुग्णांना आधी सीडीके४/६ रोधक मिळाला होता. शिवाय तीव्र रक्तशर्करावाढ सुमारे ३७ टक्क्यांत. रुग्णाचे एचबीए१सी (सुमारे तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारी चाचणी) ६.२ होते, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर.

कॅपिवासर्टिब (एकेटी रोधक) आणि फुलवेस्ट्रंट. कॅपिटेलो-२९१ अभ्यासात पीआयके३सीए, एकेटी१ किंवा पीटेन बदललेल्यांत ७.३ विरुद्ध ३.१ महिने, तीव्र शर्करावाढ २.३ टक्के. नोव्हेंबर २०२३ मध्ये अमेरिकेत मान्यता. वेगवेगळ्या अभ्यासांतले महिने शेजारी ठेवून औषधांची तुलना करता येत नाही, तेव्हा ७.३ आणि ८.६ यांचे गणित निर्णयात धरले नाही. धरले ते हे: एकेटी रोधक मुळावर, म्हणजे प्रत्येक पेशीतल्या बदलावर काम करेल, आणि फुलवेस्ट्रंट रिसेप्टरच मोडून टाकत असल्याने डी५३८जीच्या फांदीवरही त्याचा जोर चालेल. वाय५३७एस असता तर फुलवेस्ट्रंटवर इतका भरवसा ठेवला नसता; तो बदल त्याला जास्त दाद देत नाही.

कॅपिवासर्टिब एकटे का नाही? पीआय३केची वाट अडवली की पेशी ईआरचे काम वाढवून तोल सांभाळते. एकाच वाटेवर बांध घातला तर पाणी दुसरीकडून वाहते. म्हणून जोडी लागतेच.

प्रत्यक्षात

फुलवेस्ट्रंट ५०० मिलिग्रॅम पहिल्या, १५ व्या आणि २९ व्या दिवशी, नंतर महिन्याला एकदा. २५० मिलिग्रॅमच्या दोन सिरिंज, दोन्ही कुल्ल्यांत एकेक. द्रव तेलकट आणि ५ मिलिलिटर असतो, म्हणून प्रत्येकीला एक ते दोन मिनिटे घ्यावीत. घाईत दिले की सुईच्या जागी गाठ धरते. सायाटिक नस जवळ आहे हे विसरू नये. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील तर आधी विचार करावा. यकृताचा बिघाड मध्यम असेल तर मात्रा २५०.

कॅपिवासर्टिब ४०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चार दिवस चालू, तीन दिवस बंद. प्रत्येक आठवडा एकाच वारी सुरू केला तर गोंधळ होत नाही. तीव्र सीवायपी३ए रोधक, म्हणजे औषधाचे विघटन करणारे एन्झाइम अडवणारी औषधे (काही बुरशीविरोधी औषधे, क्लॅरिथ्रोमायसिन), शक्यतो टाळावेत. टाळता येत नसतील तर मात्रा ३२० वर आणतात.

चौथ्या दिवशी उपाशीपोटी साखर १४८. बंद दिवसांत मोजली असती तर ती १०५ आली असती आणि सगळे ठीक वाटले असते, म्हणून गोळ्या चालू असतानाच, तिसऱ्या-चौथ्या दिवशी मोजावी. यकृत आणि स्नायू इन्शुलिनचा निरोप याच एकेटीतून ऐकतात; तो अडवला की साखर चढते आणि स्वादुपिंड जास्त इन्शुलिन ओतते. ते जादा इन्शुलिन गाठीतली तीच वाट पुन्हा उघडायला बघते. त्यामुळे आधी मेटफॉर्मिन आणि पिष्टमय पदार्थांवर लगाम; बाहेरून इन्शुलिन हा शेवटचा उपाय. मूत्रपिंडाचे काम पाहून मेटफॉर्मिन ५०० ने सुरू केले.

बाराव्या दिवशी छाती आणि पाठीवर लालसर पुरळ आले, सुमारे २० टक्के त्वचेवर. अ‍ॅलर्जीची गोळी आणि लावायचे स्टिरॉइड देऊन मात्रा चालू ठेवली. तोंडावाटे स्टिरॉइड द्यायची घाई केली नाही, कारण त्याने साखर आणखी चढते. जुलाब दिवसाला तीन-चार. लोपेरामाइड पहिल्या पातळ शौचानंतर ४ मिलिग्रॅम, पुढे प्रत्येक वेळी २. ते घरी आधीच आणून ठेवायला सांगावे.

दुसऱ्या महिन्यात भलताच गोंधळ झाला. कोणीतरी इस्ट्रॅडिओल मागवले आणि ते २१० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर आले. ६१ व्या वर्षी हे कसे? अंडाशयाच्या सोनोग्राफीपर्यंत गोष्ट गेली. फुलवेस्ट्रंटचा रेणू इस्ट्रॅडिओलसारखाच असल्याने संप्रेरक मोजणाऱ्या इम्युनोअ‍ॅसेमधले प्रतिपिंड त्यालाच पकडतात. मास स्पेक्ट्रोमेट्रीने मोजल्यावर ५ पेक्षा कमी निघाले. फुलवेस्ट्रंटवर असलेल्या रुग्णाचे इस्ट्रॅडिओल इम्युनोअ‍ॅसेने मागवूच नये.

१२ आठवड्यांनी यकृतातली मोठी गाठ २४ वरून १५ मिलिमीटर. रक्तात एच१०४७आर ०.७ टक्का, डी५३८जी सापडला नाही. हाडांतले दोन डाग मात्र सीटीवर अधिक पांढरे दिसले आणि अहवालात 'वाढ' असे लिहून आले. वेदना कमी, अल्कलाइन फॉस्फटेज उतरते, यकृत आक्रसते आहे. अशा वेळी पांढरेपणा हाड भरून येत असल्याचे लक्षण असते. उपचार बदलला नाही. पुढच्या स्कॅनमध्ये तेच डाग स्थिर होते.

उपचार ११ महिने चालला. मग यकृतात नव्या गाठी आल्या, आणि रक्तात डी५३८जीसोबत वाय५३७एसही दिसू लागला. आता एलासेस्ट्रंटचा विचार करता आला असता, पण वेग जास्त होता. हर-२ लो (हर-२ थोडेसेच असलेल्या) आजारासाठी ट्रॅस्टुझुमॅब डेरक्सटेकन हे हर-२ ला चिकटून पेशीत केमोथेरपीचे औषध सोडणारे प्रतिपिंड (दर तीन आठवड्यांनी किलोला ५.४ मिलिग्रॅम) निवडले. संप्रेरक उपचारांनंतर, केमोथेरपीच्या आधी ते देण्याला जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली आहे. त्यासाठी लागणारा हर-२ १+ हा पुरावा यकृताच्या बायोप्सीतला. हाडाच्या अहवालात तोही शून्य होता, म्हणून फाइलमधल्या त्या जुन्या अहवालावर 'आम्लाने कॅल्शियम काढलेला नमुना, रिसेप्टरसाठी ग्राह्य नाही' अशी नोंद आधीच करवून घेतली होती. औषध सुरू करण्यापूर्वी छातीचा सीटी आणि इको केला. कोरडा खोकला किंवा धाप सुरू झाली तर पुढची मात्रा न घेता लगेच कळवायचे, हे रुग्णाला लेखी दिले.